दिवाळी अंकाच्या सव्वीस प्रती

घरातल्या पुस्तकांची यादी करायचं मी स्वतःहून अंगावर घेतलं होतं, हे आधी सांगायला हवं. मला कोणी सांगितलं नव्हतं.

आमच्या कोलकात्यातल्या घराला रंग द्यायचा होता. आई तीन आठवड्यांसाठी नाशिकला गेली होती, मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. बाबा बँकेतून संध्याकाळी येत आणि रंगाचा वास सहन होत नाही म्हणून गॅलरीत बसत. मी घरूनच काम करते, त्यामुळे रंगाऱ्याशी बोलायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच दिवशी तो पुस्तकांच्या कपाटासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "दीदी, एतो बोई!" म्हणजे, एवढी पुस्तकं! त्यात कौतुक नव्हतं, एवढी सगळी हलवावी लागणार याचा वैताग होता. मी म्हटलं, मी हलवते. आणि हलवतेच आहे तर यादीही करून टाकू, असं मनात आलं.

फोनवर एक ॲप घेतलं. पुस्तकाच्या मागच्या बारकोडवर कॅमेरा धरला की 'टिक्' असा बारीक आवाज होतो आणि मुखपृष्ठाचं चित्र, नाव, लेखक, वर्ष, पानं असं सगळं आपोआप भरलं जातं. माझी इंग्रजी पुस्तकं दीड तासात संपली. पडद्यावर ती ओळीने मांडलेली दिसली तेव्हा मला फार हुशार असल्यासारखं वाटलं. बाबांना गॅलरीत नेऊन दाखवलं. ते म्हणाले, "वा. आता आईची कर."

आईची म्हणजे मराठी पुस्तकं. त्यातल्या बहुतेकांवर बारकोड नव्हता. ज्यांच्यावर होता त्यांचं ॲपला काही सापडेना. प्रत्येक पुस्तक हाताने भरावं लागणार होतं.

इथे मला थोडं माझ्याबद्दल सांगावं लागेल. मला मराठी वाचता येतं. शाळा इंग्रजी, दुसरी भाषा बंगाली, तिसरी हिंदी, त्यामुळे अक्षरं ओळखीची होती, आणि एका मोठ्या सुट्टीत आईने रोज दुपारी समोर बसवून वाचायला शिकवलं. पण ओळीखाली बोट धरावं लागत नाही, इतपतच ते आहे. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कोणी काही वाचायला सांगितलं तर माझा घसा बसलेला असतो. बोलताना कळत नाही, घरी आम्ही मराठीच बोलतो. म्हणून सगळ्यांना वाटतं मला छान येतं, आणि मी ते तसंच वाटू दिलं आहे.

मराठी टाइप करायला मला वेळ लागत होता, म्हणून मी नावं इंग्रजी अक्षरांत टाकली. ॲपमध्ये फक्त पुस्तकाच्या नावापुढे तारा होता, म्हणजे तेवढं भरलंच पाहिजे. लेखक, वर्ष, टिपणं हे रकाने ऐच्छिक होते. मी तारा असलेलं तेवढं भरत गेले.

सगळ्यात खालच्या कप्प्यात दिवाळी अंक होते. कोलकात्यात ते सहज मिळत नाहीत. मावशी दर वर्षी नाशिकहून पार्सल पाठवते, फराळाच्या डब्याबरोबर. आई ते पुरवून पुरवून वाचते, संक्रांत उलटेपर्यंत. बाकीचे अंक ती कोणाकोणाला देऊन टाकते, पण एका मासिकाचे अंक तिने लग्नाच्या वर्षापासून ठेवले होते. एकूण सव्वीस. मी सव्वीस वेळा तेच नाव टाकलं. तिसऱ्या वेळेपासून तर फोन स्वतःच पूर्ण नाव सुचवायला लागला, मी नुसतं बोट लावत होते.

यादी पूर्ण झाल्यावर ॲपने तपासणी केली आणि लिहून दाखवलं, की या पुस्तकाच्या सव्वीस प्रती आहेत, जास्तीच्या काढून टाकायच्या का?

मला माहीत नव्हतं, असं इथे लिहायला मला आवडलं असतं. पण प्रत्येक अंकाचं मुखपृष्ठ वेगळं होतं, हे मला दिसत होतं. मुखपृष्ठावर वर्ष होतं. दिवाळी अंक म्हणजे काय हे कोलकात्यात वाढलेल्या मुलीलाही कळतं. मी एकही अंक उघडला नाही. मला ती जुनी, पिवळी, वासाची मासिकं वाटली, ज्यांनी एक अख्खा कप्पा अडवला होता, आणि मोकळ्या कप्प्याचा फोटो आईला पाठवायचा अशी माझी कल्पना होती. ॲपने विचारलं म्हणून मी 'हो' म्हटलं नाही. मला 'हो' म्हणायचंच होतं, विचारणारं कोणीतरी हवं होतं.

त्याच आठवड्यात आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर ग्रंथालय सांभाळणाऱ्या काकांचा मेसेज आला होता, की आवराआवरीत मराठी पुस्तकं निघाली तर मंडळाला द्या. ग्रंथालय म्हणजे मंडळाच्या हॉलमधली दोन लोखंडी कपाटं. मी सगळ्यात नवा अंक ठेवला, पंचवीस अंक दोन खोक्यांत भरले आणि शनिवारी टॅक्सीने देऊन आले. काकांनी एकेक अंक हातात घेऊन त्यांच्या लांबट वहीत नोंद केली. नाव, वर्ष, कोणाकडून. मला उभं राहून कंटाळा आला.

"वहिनींना विचारलंस ना?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"हो," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मंडळाची महिन्याची सभा होती. मी गेले नाही. संध्याकाळी ग्रुपवर फोटो आला. टेबलावर पसरलेले अंक, भोवती हसणाऱ्या बायका, कोणाच्या हातात खिचडीची बशी. खाली लिहिलं होतं, 'डमडमच्या वहिनींकडून मंडळाला अनमोल भेट!' डमडमच्या वहिनी म्हणजे आई. पाच मिनिटांत आईचा फोन आला.

"ते अंक कसले गं?"

"डुप्लिकेट होते ते, आई. ॲपने दाखवले."

"दिवाळी अंकांचे डुप्लिकेट?"

मागे मावशीच्या टीव्हीचा आवाज येत होता. मग तो कमी झाला, बहुतेक आई आतल्या खोलीत गेली.

"त्यात माझं लिहिलेलं आहे," ती म्हणाली.

"कसलं लिहिलेलं?"

"माझं. पेन्सिलीने." मग म्हणाली, "लोकांनी नेले का ते?"

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिचा आवाज बाथरूमच्या दाराला कडी नसल्याचं लक्षात आलेल्या माणसासारखा होता. मी परत आणते म्हटलं. "लवकर आण," ती म्हणाली, "आणि वाचू नकोस."

काकांना फोन केला. ते म्हणाले, सोळा कपाटात आहेत, नऊ गेले. बेहाल्याच्या वहिनींनी पाच नेले, फोर्ट विल्यमच्या क्वार्टर्समधल्या मेजरसाहेबांच्या बायकोने तीन, आणि खिदिरपूरच्या काकूंनी एक. कोणता अंक कोणाकडे हे वर्षासकट वहीत होतं. "तुझ्या ॲपला वर्ष लिहिता येत नाही वाटतं?" त्यांनी विचारलं. चेष्टेत विचारलं, पण मग आवाज बदलून म्हणाले, "तू मला हो म्हणाली होतीस."

सोळा अंक टॅक्सीत मांडीवर घेऊन मी परत येत होते. वाचू नकोस म्हटलेलं मला आठवत होतं. मी वाचलं.

प्रत्येक अंकाच्या अनुक्रमणिकेवर आईच्या बारीक अक्षरांत खुणा होत्या. गोष्टीच्या नावापुढे 'शेवट घाईत.' 'दोनदा वाचली.' 'याला बाई कळलेली नाही, आणि कळायची इच्छाही नाही.' 'वाचू नये.' 'तांदूळ निवडताना आठवून हसले.' मी सावकाश वाचत होते, टॅक्सी सिग्नलला थांबली की जास्त. घरात आई कशाबद्दलच असं बोलत नाही. सिनेमा कसा होता विचारलं तर 'बरा होता' म्हणते. एका ठिकाणी नवरा-बायकोच्या कथेपुढे लिहिलं होतं, 'हे असेच. भाजीत मीठ नाही हे तिसऱ्या पोळीला सांगणार.' हे म्हणजे बाबा. मी हसले आणि मग दहा-बारा वर्षांपूर्वीच्या एका अंकात, एका लांब कथेपुढे सापडलं, 'फार सुंदर. पोरीला हे कधी वाचता येईल का कोण जाणे.'

मी तो अंक मिटला. ती कथा मी अजून वाचलेली नाही. सुरुवात केली आहे दोनदा.

फोर्ट विल्यमचे तीन अंक सोमवारीच मिळाले. त्या ताई नुकत्याच बदलून आल्या होत्या, त्यांनी पिशवीतून काढलेही नव्हते. गेटवरच त्यांनी ते दिले. बेहाल्याला मात्र दार उघडल्या उघडल्या वहिनी म्हणाल्या, "ये, ये. अगं, तुझी आई काय चीज आहे!" आतून त्यांच्या जाऊबाई आल्या. दोघींनी पाची अंकांच्या अनुक्रमणिका मोठ्याने वाचून काढल्या होत्या.

"'हिच्या नायिकेला स्वयंपाकघर नाहीच, जेवते कुठे?'" जाऊबाईंनी पाठ म्हणून दाखवलं. "आम्ही पोट धरधरून हसलो. मी म्हटलं फोटो काढून ग्रुपवर टाकू."

"टाकले?" मी विचारलं.

"छे, तेवढी अक्कल आहे आम्हाला." मग वहिनी जरा पुढे झुकून म्हणाल्या, "पण आमच्याबद्दल काही आहे का गं कुठे? खरं सांग."

मी नाही म्हटलं. मला माहीत नव्हतं. मी चहा न पिता निघाले, ऑफिसचा कॉल आहे असं सांगून. कॉल नव्हता.

खिदिरपूरच्या काकूंकडे मी बुधवारी गेले. त्या पोर्टाच्या क्वार्टर्समध्ये राहतात. त्यांचे यजमान पोर्टात होते. ते गेल्यावर काकूंना तिथेच नोकरी मिळाली आणि क्वार्टर राहिलं. मी तेव्हा तिसरी-चौथीत असेन. मला त्यांची थोडी भीती वाटते, कारण त्या माझ्याशी बोलताना माझ्या उत्तराची वाट बघतात, मध्येच स्वतः बोलून ते सोपं करत नाहीत.

अंक वर्तमानपत्रात गुंडाळून दाराजवळच्या टेबलावर ठेवला होता. मी येणार हे त्यांना काकांनी सांगितलं होतं.

"वाचला का तुम्ही?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"वेळच नाही झाला गं. ऑडिट चाललंय." त्यांनी पुडकं माझ्या हातात दिलं. "आईची वस्तू आईला विचारून द्यावी. नाही का?"

"हो, काकू."

"तुला सोलकढी चालते ना? थांब."

मी सोलकढी प्यायले. त्या समोर बसून बघत होत्या. गोदीकडून भोंग्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी घड्याळ लावलं. मी पेला स्वतः विसळून ठेवला, त्यांनी 'राहू दे' म्हटलं नाही.

एस्प्लनेडला मेट्रोत जागा मिळाल्यावर मी वर्तमानपत्र सोडलं. अनुक्रमणिकेत चार कथांपुढे आईचं अक्षर होतं. पाचव्या कथेपुढे काही नव्हतं, पण तिथला कागद खरवडल्यासारखा झाला होता आणि घडीत रबराचा ताजा भुगा अडकलेला होता. आई पेन्सिल दाबून लिहिते. मी पान खिडकीकडे तिरपं केलं, मेट्रो बोगद्यात होती, मग डब्यातल्या दिव्याखाली धरलं. अक्षरांचे खड्डे राहिले होते. वाचायला मला दोन स्टेशनं लागली.

'ही बाई म्हणजे आपली खिदिरपूरची. दुःख मिरवायला हिला पाहुणे लागतात.'

मी अंकाचं वर्ष बघितलं. काकूंचे यजमान ज्या वर्षी गेले, ते वर्ष होतं.

डमडम आलं तरी मी उठले नाही. गाडी पुढे गेली, मी पुढच्या स्टेशनवर उतरून उलटी गाडी धरली. मी बरंच काही ठरवलं त्या वेळात. आईला सांगायचंच नाही, अंक कपाटात वर्षाप्रमाणे लावून ठेवायचा. ती कशाला एवढा जुना अंक उघडेल. किंवा तो एकच हरवला म्हणून सांगायचं. पेन्सिलीने त्या खड्ड्यांवरून परत लिहून टाकायचंही मनात आलं, पण माझं मराठी अक्षर दुसरीतल्या मुलासारखं आहे.

आई रविवारी आली. रंगाचं कौतुक झालं, मावशीच्या गुडघ्याचं झालं. मी सव्वीस अंक लावून ठेवले होते. तिने खाली बसून, एखादा डबा तपासावा तसे ते मोजले. मग मीच तो अंक ओढून तिच्यासमोर उघडला. माझ्यात धीर आला असं नाही. ती एकेक करत तिथपर्यंत पोचेल आणि मी स्वयंपाकघरात उभी असेन, हे मला झेपलं नसतं.

"हा काकूंकडे होता," मी म्हटलं.

आईने पान तिरपं केलं नाही. खरवडलेल्या जागेवर तिने अंगठा फिरवला. काय लिहिलं होतं ते तिला आठवत होतं.

"तू वाचलंस?"

"हो."

"मी नको म्हटलं होतं."

"हो."

तिने अंक मिटला. मग म्हणाली, "ते बोलायचं नसतं म्हणून लिहिलं होतं." आणि थोड्या वेळाने, "तेव्हा सगळे तिच्याकडे जात होते. मीही जायचे. ती तेच तेच सांगायची. मला घरी येऊन तुझा डबा, यांची बदली, सगळंच..." तिने वाक्य सोडून दिलं. "काहीतरीच लिहिलं मी. तिचा नवरा गेला होता."

आईचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. तो चेहरा मी आणला होता, दोन खोक्यांत भरून, टॅक्सीने. मी 'सॉरी' म्हटलं. आमच्या घरात तो शब्द फार सहज वापरला जातो, पाय लागला तरी आम्ही म्हणतो, त्यामुळे तो काहीच कामाचा नव्हता. मराठीत याला काय म्हणायचं ते मला सुचलं नाही.

पुढच्या रविवारी आई म्हणाली, "चल, खिदिरपूरला जाऊन येऊ." तिने नाशिकहून आणलेला चिवडा बरोबर घेतला. टॅक्सीत ती पर्सची चेन उघडत आणि लावत होती.

काकूंनी चहा केला. मावशीचा गुडघा, पोर्टातलं ऑडिट, मंडळाचा हिशोब कोण बघणार, सगळं बोलून झालं. आईने कप खाली ठेवला.

"वहिनी, तो अंक..."

"कुठला?"

"हिने परत नेला तो. त्यात मी..."

"अगं, तो मी उघडलाच नाही. वाचायच्या आधीच ही घेऊन गेली." काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हो ना गं?"

त्यांनी उत्तराची वाट बघितली. आई पण माझ्याकडे बघत होती. त्या खोलीत तिघींनाही खरं काय ते माहीत होतं आणि ते बोलायचं की नाही हे माझ्यावर टाकलं होतं.

"हो," मी म्हटलं.

"झालं तर," काकू म्हणाल्या आणि चिवड्याची बशी आईकडे सरकवली. "यंदाचे अंक आले की मला दे मात्र. आधी तू वाच, मग दे."

"देईन," आई म्हणाली.

परत येताना ती टॅक्सीच्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "तिने मला बोलूच दिलं नाही." काकूंनी एकटीने नाही, मी पण बोलू दिलं नव्हतं. मला तेव्हा वाटलं होतं की मी आईला वाचवते आहे. आता वाटतं, आई जे सांगायला एवढ्या लांब गेली होती ते तिला तसंच परत घेऊन यावं लागलं, आणि ते तिच्याजवळ अजून आहे.

यंदाचं पार्सल नेहमीप्रमाणे आलं. त्याच मासिकाचा अंक आईने सगळ्यात आधी वाचायला घेतला आणि पंधरा दिवसांत संपवला, इतक्या लवकर ती कधी संपवत नाही. ती आंघोळीला गेली होती तेव्हा मी अनुक्रमणिका उघडून बघितली. पान कोरं होतं. अंक दुसऱ्या दिवशी खिदिरपूरला जायचा होता, पिशवीही काढून ठेवली होती.

जेवताना मी विचारलं, "कशा आहेत गं गोष्टी?"

"चांगल्या आहेत सगळ्या," आई म्हणाली.